ओबनहून बोटीनं दहा दिवस: स्कायपर्यंत जावं का?

वेळणेश्वर | १६ फेब्रुवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. ग्लासगोत येऊन नऊ वर्षं झाली. मागचे दोन उन्हाळे क्लाइडच्या खाडीत शिडाची बोट चालवायला शिकले, 'डे स्किपर'चं प्रमाणपत्र मिळवलं, रेडिओची परीक्षाही दिली. येत्या जूनमध्ये स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओबनजवळून ३४ फुटी यॉट दहा दिवसांसाठी भाड्यानं घेतोय. तांडेल, खलाशी सगळं आम्हीच. आम्ही म्हणजे मी, नवरा (दोर ओढेल, चूल सांभाळेल), माझ्याबरोबरच शिकलेली मैत्रीण आणि भारतातून येणारे बाबा. बाबा ७१ वर्षांचे आहेत. त्यांचं लहानपण वेळणेश्वर-हेदवीच्या किनाऱ्यावर होडीत गेलं आणि पुढची चाळीस वर्षं डोंबिवलीत, जिथं समुद्र नाही.

गेले आठ दिवस जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला आहे. ओबन ते मल बेटावरचं टोबरमोरी बंदर साधारण २५ सागरी मैल, तिथून अर्डनामर्खनचं टोक ओलांडून कॅना बेट आणखी ३० एक मैल, आणि कॅनाहून स्काय बेट समोरच. ताशी पाच मैल धरले तर चौथ्या दिवशी स्कायला पोचतो. जाऊन-येऊन दहा दिवस पुरतील का? की टोबरमोरीच्या अलीकडेच राहावं? ज्यांनी त्या पाण्यात स्वतः बोट नेली आहे त्यांनी कृपया सांगा. बाबांना स्कायचे डोंगर समुद्रातून दाखवायची फार इच्छा आहे.

---

आज्जीचीगोधडी | १६ फेब्रुवारी, रात्री १०.०५

बोटीतलं काही कळत नाही, पण बाबांना घेऊन जाताय हे वाचूनच डोळे भरून आले. धागा वाचतेय. जेवणाचं काय ठरवलंय तेही लिहा!

---

खडपावरचा | १७ फेब्रुवारी, सकाळी ७.१५

माझी ३१ फुटी जुनी बोट चौदा वर्षं ओबनच्या दक्षिणेला क्रिननजवळ बांधलेली असते, म्हणून सविस्तर लिहितो.

ताई, तुमच्या हिशेबात मैल आले, पाणी आलं नाही. या किनाऱ्यावर बेटांच्या मधून समुद्र नदीसारखा वाहतो. सहा तास एका बाजूला, सहा तास उलट. क्रिननच्या तोंडाशी 'डोरस मोर' आहे, तिथं उधाणाला पाणी ताशी आठ सागरी मैलांपर्यंत धावतं. स्काय आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या काइल रेमध्येही तेवढंच. पाच मैलांची बोट उलट पाण्यात घातलीत तर इंजिन पूर्ण ताकदीनं चालू असताना काठावरचं झाड पुढे सरकताना दिसेल. मी पाहिलंय. पहिल्या वर्षी अर्धा तास उशीर केला आणि एकाच मेंढीकडे पाऊण तास बघत बसलो.

म्हणून इथं 'किती वाजता निघायचं' हे आपण ठरवत नाही, भरतीचं कोष्टक ठरवतं. कधी पहाटे चार, कधी दुपारी दोन. जूनमध्ये त्याचं काही वाटत नाही, कारण रात्र अशी नसतेच. साडेदहापर्यंत संधिप्रकाश आणि साडेतीनला पुन्हा उजाडायला लागतं.

तुमच्या वाटेवर सुदैवानं असं अवघड दार नाही. मलच्या सामुद्रधुनीतला प्रवाह सौम्य आहे. लिझमोर बेटाच्या दक्षिण टोकाशी, दीपगृह आणि लेडीज रॉकच्या मध्ये पाणी खवळतं, तेवढं जपा. खरा प्रश्न अर्डनामर्खनचा. तिथपर्यंत मल बेट तुम्हाला पाठीशी घालतं. टोक ओलांडलं की पश्चिमेला अटलांटिक मोकळा. वारा कालच पडलेला असला तरी परवाच्या वादळाची लाट आज येत असते. किनाऱ्याचा अधिकृत हवामान-अंदाजही याच टोकाशी विभागलेला आहे: मल ऑफ किंटायर ते अर्डनामर्खन एक भाग, अर्डनामर्खन ते केप राथ दुसरा. दोन्ही ऐकायचे. तटरक्षक ते दर तीन तासांनी रेडिओवर वाचून दाखवतात.

माझं मत असं: स्काय ठरवून निघू नका. टोबरमोरीपर्यंत नक्की, पुढचं तिथं बसून ठरवा. आणि काहीही झालं तरी शेवटचे दोन दिवस अर्डनामर्खनच्या दक्षिणेला असा. बोट परत द्यायची तारीख डोक्यावर असली की माणूस नको त्या वाऱ्यात निघतो.

---

रोखठोक | १७ फेब्रुवारी, दुपारी १२.५०

मी वेगळं मत मांडतो. आम्ही एडिनबरोचे पाच जण मित्राच्या बोटीवर दोन वेळा गेलो. आठवड्यातले पाच दिवस पाऊस. ओले कपडे वाळत नाहीत, अंथरूण दमट, काचांवर धुकं. ७१ वर्षांच्या माणसाला हे करायला लावू नये. ओबनहून मोठ्या फेरीबोटी सुटतात, त्यांनी मल, आयोना, कॉल, टायरी आरामात होतं. मॅलेगहून स्कायला अर्ध्या-पाऊण तासात पोचता. गरम चहा मिळतो आणि डोंगर तेच दिसतात.

शिवाय जूनमध्येसुद्धा पाणी १२-१३ अंशांचं असतं. पडलेला माणूस पोहता येत असूनही पहिल्या काही मिनिटांतच गारठ्यानं दम लागून बुडू शकतो. हे कोणी लिहीत नाही.

---

निळाई | १७ फेब्रुवारी, रात्री ८.२०

@रोखठोक, थंड पाण्याबद्दल अगदी बरोबर लिहिलंत. आमच्याकडे नियम आहे: केबिनच्या पायऱ्या चढताना जीवरक्षक जाकीट अंगात, मांड्यांमधला पट्टा आवळलेला, आणि कॉकपिटबाहेर पाऊल टाकलं की कमरेचा दोर बोटीला अडकवलेला. मुलं आठ आणि अकरा वर्षांची होती तेव्हापासून. पण म्हणून जाऊच नये हे मात्र पटत नाही. मे आणि जून हे तिथले त्यातल्या त्यात कोरडे महिने. आमच्या चार सहलींमध्ये एकदाच सलग पाऊस लागला.

वेळणेश्वर, मी तुम्हाला एक वेगळी गोष्ट सांगते, जी कोर्समध्ये दोन वाक्यांत उरकतात. लॉबस्टर आणि लँगोस्टीन (मोठ्या कोळंबीसारखे) पकडायला कोळी तळाशी पिंजरे सोडतात, त्यांना 'क्रील' म्हणतात. वर खूण म्हणून एक बोया. कधी भडक केशरी, कधी नुसता काळा डबा. प्रवाह जोराचा असला की तो बोया पाण्याखाली ओढला जातो आणि त्याचा दोर पृष्ठभागाखाली आडवा तरंगतो.

आम्ही संध्याकाळी सूर्य डोळ्यांवर असताना इंजिनवर चाललो होतो. अचानक 'घर्रर्र' झालं आणि इंजिन बंद. पंख्याला दोर गुंडाळला गेला होता. वारा नव्हता, खडक दोनशे मीटरवर, आणि प्रवाह तिकडेच. नवऱ्यानं नांगर सोडला, तो लागला. मी ब्रेड कापायची करवती सुरी काठीला बांधून पाण्यात वाकले, तासभर एकेक पीळ कापत होते. हात कोपरापासून बधिर झाले होते. शेवटचा पीळ सुटला तेव्हा धाकटी म्हणाली, "आई, तुझे ओठ निळे झालेत." तेव्हापासून इंजिनवर असताना एक माणूस नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) उभा राहून फक्त पाणी बघतो. तुमच्या बाबांना हे काम द्या. होडीत वाढलेल्या माणसाचे डोळे या कामाला सगळ्यात चांगले.

बोट लागण्यावर: आल्याची वडी, कोरडे पोहे, आणि क्षितिजाकडे नजर. केबिनमध्ये जाऊन फोन बघायचा नाही.

---

तांडेल_अलिबागकर | १८ फेब्रुवारी, सकाळी ६.३०

आमच्या घरात तीन पिढ्यांची मासेमारी. स्कॉटलंड पाहिलं नाही, पण भरती-ओहोटी सगळीकडे चंद्राचीच.

आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. वेळणेश्वर ताईंच्या बाबांना हे नक्की माहीत असणार. तिकडे कसं असतं? कोणी पडताळून पाहिलंय का?

---

खडपावरचा | १८ फेब्रुवारी, सकाळी ९.००

@तांडेल, क्या बात है! मी हा हिशेब पहिल्याच वर्षी वहीत करून पाहिला होता. ओबनला पौर्णिमा-अमावास्येची भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास येते. म्हणजे तिथीची पाऊणपट करा आणि त्यात सहा तास मिळवा. उन्हाळ्यात इथली घड्याळं एक तास पुढे असतात, म्हणून आणखी एक. गणित चुकायचं ते अर्ध्या-पाऊण तासानं.

आणि उधाण जसं आपल्याकडे पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सगळ्यात मोठं, तसंच इथं. अष्टमीच्या आगेमागे भांग (सगळ्यात लहान भरती-ओहोटी) असते, प्रवाह निम्म्यावर येतात. नवख्यांनी अवघड दारं भांगेच्या दिवसांत ओलांडावीत.

अर्थात निघताना छापील कोष्टक आणि अ‍ॅडमिरल्टीचा प्रवाहांचा अ‍ॅटलास बघायचाच. पाऊणपटीवर बोट हाकू नका.

---

वेळणेश्वर | १८ फेब्रुवारी, रात्री ९.१०

आत्ताच बाबांना फोनवर हे सगळं वाचून दाखवलं. पाऊणपट म्हटल्यावर ते हसायलाच लागले. म्हणाले, "तुझ्या आजोबांनी चौथीच्या पाढ्यांआधी शिकवली होती." जूनच्या तारखांना तिथी कुठल्या आहेत ते ते दाते पंचांगात बघून कळवणार आहेत.

@निळाई, नाळेवरचं काम त्यांचं पक्कं झालं.
@रोखठोक, तुमची काळजी पोचली. फेरीनं मल-आयोना आम्ही दोनदा केलंय. पण बाबांना प्रवासी म्हणून न्यायचं नाहीये. त्यांना सुकाणूवर हात ठेवू द्यायचाय.

---

भूगर्भ | १९ फेब्रुवारी, सायंकाळी ५.४५

पुण्यात भूशास्त्र शिकवतो. वीस वर्षांपूर्वी अभ्यासासाठी तीन आठवडे मल आणि स्कायवर होतो, त्यातले दोन दिवस लहान बोटीत.

मलच्या पश्चिम बाजूनं गेलात तर बाबांना विचारा, हे डोंगर कुठे पाहिलेत का. एकावर एक पायऱ्या, मध्ये गवताळ पट्टे, कडे काळे. थेट सह्याद्री! कारणही सारखंच. आपला दख्खनचा बेसॉल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि मल, स्टॅफा, स्कायचा साधारण सहा कोटी वर्षांपूर्वीचा, उत्तर अटलांटिक उघडत होता त्या काळातला. स्टॅफा बेटावर फिंगलच्या गुहेत जे बहुतांशी षट्कोनी खांब दिसतात, त्यांचे भाऊबंद अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर उभे आहेत. तिथं मी बोटीतून वर बघितलं तेव्हा प्रत्येक लाटेबरोबर गुहेतून घुमणारा आवाज येत होता. अंधेरीला रिक्षांचा येतो, दगड तोच.

आता नाविकांच्या उपयोगाचं. कॅना बेटाच्या पूर्व टोकाला 'कंपास हिल' नावाचा डोंगर आहे. त्या खडकातल्या लोहामुळे जवळून जाणाऱ्या बोटींची होकायंत्रं भरकटतात. स्कायच्या क्युलिन डोंगरांतही गॅब्रो खडकामुळे तोच अनुभव येतो. धुक्यात एकट्या होकायंत्रावर विसंबू नका.

---

शब्दवेल्हाळ | १९ फेब्रुवारी, रात्री ११.३०

थोडं अवांतर, पण नकाशा वाचायला उपयोगी. तिथली नावं गेलिक भाषेतली आहेत आणि ती नुसती नावं नाहीत, सूचना आहेत. 'स्केर' म्हणजे आपला खडप, पाण्यावर डोकं काढणारा. 'बोघा' (नकाशावर बऱ्याचदा नुसतं 'बो') म्हणजे पाण्याखाली दडलेला, लाट फुटली तरच कळणारा. 'एलन' बेट, 'रूआ' भूशिर, 'काइल' अरुंद सामुद्रधुनी, 'अकरसेद' नांगर टाकायची जागा. 'डू' काळा, 'मोर' मोठा, 'बेग' लहान.

आणि मला सर्वांत आवडलेलं: 'डोरस मोर' म्हणजे मोठं दार. हा 'डोरस' आणि आपलं 'द्वार-दार' एकाच मुळातून आलेत. क्रिननच्या तोंडाशी उभं राहून मराठी माणसानं 'दार' म्हटलं तर ते परकं नाही.

मक बेटाचं नाव डुकरावरून आलंय. गेलिकमध्ये देवमाशाला 'समुद्रातलं डुक्कर' म्हणतात.

---

आज्जीचीगोधडी | २० फेब्रुवारी, सकाळी ८.००

मी तर 'डोरस मोर' वाचून पिसारा शोधत होते!

---

जुनीपानं | २० फेब्रुवारी, दुपारी ३.१५

मुंबईशी एक धागा मलवर आहे, तो बाबांना आवडेल. मलच्या पश्चिमेला उल्वा नावाचं छोटं बेट. तिथला लाखलन मॅक्वारी १७८८ मध्ये पलटणीबरोबर मुंबईला आला. १७९३ मध्ये मुंबईतच त्यानं जेन जार्विस हिच्याशी लग्न केलं. तीन वर्षांत ती क्षयानं मकाऊला वारली. त्यानं तिचा देह जहाजातून परत आणून मुंबईत पुरला. नंतर मलवर जमीन घेतली तेव्हा तिला नाव दिलं 'जार्विसफील्ड'. पुढे तो न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर झाला. त्याची समाधी मलवर ग्रूलीनला आहे. मलच्या सामुद्रधुनीत सेलनच्या उपसागरात नांगर टाकलात तर तिथून तासाभराच्या चालीवर.

दुसरी गोष्ट कोरीव्रेकनची. जुरा आणि स्कार्बा बेटांच्या मध्ये जगातल्या मोठ्या भोवऱ्यांपैकी एक आहे. तळातून एक सुळका पाण्याखाली २९ मीटरपर्यंत वर आलाय, त्यावर भरतीचं पाणी आपटतं. बिहारमध्ये मोतिहारीला जन्मलेला लेखक जॉर्ज ऑर्वेल १९४७ च्या ऑगस्टमध्ये तिथं लहान बोटीतून जात होता, बरोबर त्याचा तीन वर्षांचा मुलगा आणि भाचरं. इंजिनच निखळून पाण्यात गेलं. वल्हवत कसेबसे एका खडकाशी पोचले, तिथं बोट उलटली. सगळे खडकावर चढले, आणि लॉबस्टर पकडणाऱ्या कोळ्यांनी त्यांना सोडवलं.

---

वल्हवरेनाखवा | २१ फेब्रुवारी, सकाळी १०.४०

कोरीव्रेकनचा उगीच बागुलबुवा केला जातो असं मला वाटतं. मी मागच्या वर्षी तिथून गेलो. भांगेचा दिवस, वारा नाही, पाणी थांबायची वेळ अचूक साधली. तळ्यासारखं होतं. मध्ये उभं राहून चहा घेतला.

---

खडपावरचा | २१ फेब्रुवारी, सकाळी ११.३०

@वल्हवरेनाखवा, तुमचं सगळं खरं आहे आणि म्हणूनच काळजी वाटते. तुम्ही तीन गोष्टी जमवल्यात: भांग, वारा नसणं, अचूक वेळ. नवखा वाचक यातली 'चहा घेतला' एवढीच लक्षात ठेवतो. तिथं भरतीचं पाणी पश्चिमेकडे जातं. समोरून पश्चिमेचा वारा आणि अटलांटिकची लाट आली की पाण्याच्या भिंती उभ्या राहतात, आणि त्याचा आवाज कित्येक मैलांवर ऐकू येतो. मी तो क्रिननमधून ऐकलाय, खिडकी बंद असताना.

माझीच चूक सांगतो. सहा वर्षांपूर्वी स्कायच्या लॉख स्कावेग या खाडीत नांगर टाकला होता. तिन्ही बाजूंना क्युलिनचे उघडे सुळके, समोर सीलची पिल्लं, त्याहून सुंदर जागा मी पाहिलेली नाही. अंदाज साधाच होता. रात्री एक वाजता वरून वाऱ्याचे फटके यायला लागले. वारा समुद्रावरून नव्हे, डोंगरावरून कोसळत होता, प्रत्येक वेळी वेगळ्या दिशेनं. मी संध्याकाळी आळस केला होता. पाण्याच्या खोलीच्या तिप्पटच साखळी सोडली होती. नांगर घसरला. उठलो तेव्हा खडक बोटीच्या लांबीइतका जवळ. कुडकुडत नांगर उचलला, बाहेर पडलो आणि पहाटेपर्यंत मोकळ्या समुद्रात येरझारा घातल्या. बायको सुकाणूवर, मी ओकत. तेव्हापासून चौपट-पाचपट साखळी, आणि काठावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून अर्धा तास बघत बसणं. जेवण नंतर.

---

रोखठोक | २१ फेब्रुवारी, दुपारी १.००

असं लिहिणाऱ्या माणसाबरोबर मी बोटीवर येईन. मुद्दा इतकाच होता की धोका आधी कळावा.

एक विचारायचं होतं: इथं खासगी बोट चालवायला कायद्यानं परवाना लागत नाही हे खरं का?

---

खडपावरचा | २१ फेब्रुवारी, दुपारी १.२०

खरं आहे. हौसेच्या लहान खासगी बोटीला किनाऱ्यावरच्या समुद्रात लागत नाही. रेडिओ वापरायला मात्र प्रमाणपत्र लागतं, आणि भाड्यानं देणारे अनुभवाची कागदपत्रं मागतातच. मागायलाच हवीत. आणि अडचणीत सुटकेला येणारी आरएनएलआयची लाइफबोट सरकारी नाही, १८२४ मध्ये सुरू झालेली ही संस्था लोकांच्या देणग्यांवर चालते, बरेचसे खलाशी स्वयंसेवक. टोबरमोरीच्या धक्क्यावर त्यांची बोट उभी असते. बाबांना दाखवा.

---

निळाई | २१ फेब्रुवारी, रात्री ९.३०

मिजेसबद्दल कोणीच लिहिलं नाही! चिलटाहून बारीक, वारा पडला की ढगानं येतात, केसांच्या मुळांत शिरून चावतात. नांगर किनाऱ्यापासून शक्य तितका लांब टाका आणि उतरताना डोक्याची जाळी विसरू नका. आम्ही एका संध्याकाळी जाळीच्या आतून बिर्याणी खायचा प्रयत्न केला. फोटो आहेत, टाकणार नाही.

---

दर्याभवानी | २२ फेब्रुवारी, सकाळी ७.५०

अर्डनामर्खन ओलांडलंत तर तिथली एक जुनी रीत पाळा. टोक फेरून आलेली बोट परतताना नाळेवर हेदर फुलांची डहाळी बांधते. बंदरात शिरलात की लोक डहाळी बघतात आणि हात करतात. आपल्याकडे नारळ, तिकडे हेदर.

---

वेळणेश्वर | २२ फेब्रुवारी, रात्री १०.१५

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. ठरवलं ते असं: पहिला दिवस फक्त सातेक मैल, दक्षिणेला पुलडोरनला, नांगराचा सराव म्हणून. मग मलची सामुद्रधुनी, टोबरमोरी. पुढचं टोबरमोरीत बसून. नारळ ग्लासगोतून घेऊन ठेवते. जुलैमध्ये इथंच येऊन लिहीन.

---

वेळणेश्वर | ६ जुलै, रात्री ८.३०

आलो. सगळे धड आहोत. लांबलचक लिहितेय.

पुलडोरनला आधीच आठ बोटी होत्या. पहिल्यांदा नांगर टाकला, इंजिन मागे घेतलं, बोट सरकत राहिली. वर काढला तर नांगराला केल्प या समुद्री शेवाळाच्या तपकिरी पट्ट्यांचा मोठा गुंता. दुसऱ्यांदा तेच. आठ बोटींवरची माणसं आमच्याकडे बघत होती आणि माझे कान तापले होते. बाबा नाळेवर उकिडवे बसले होते. म्हणाले, "ते पांढरं दिसतंय तिथं टाक, तिथं रेती आहे." टाकला. मग त्यांनी साखळीवर तळवा ठेवला. मी इंजिन मागे घेत होते आणि ते डोळे मिटून बसले होते. "थरथरतेय... थरथरतेय... धरला." मलाही हात ठेवायला लावला. नांगर घसरत असला की साखळी दगडांवरून ओढल्यासारखी खरखरते, आणि रुतला की एकदम ताठ, शांत होते. दोन वर्षांच्या कोर्समध्ये हे मला कोणी हातात देऊन शिकवलं नव्हतं.

टोबरमोरीत दोन दिवस अडकलो. नैर्ऋत्येचा सात नंबरचा (बोफर्ट मापावर, जवळजवळ वादळी) वारा. धक्क्यावर सगळ्या बोटींच्या डोलकाठ्यांवर दोर आपटून नुसता टणटणाट. नवऱ्यानं पिठलं केलं. बाबा त्या रंगीत घरांसमोरच्या धक्क्यावर एका कोळ्याजवळ उभे राहून लँगोस्टीन आकारानं वेगळे काढताना बघत होते. इंग्रजी दोघांचंही एकमेकांना कळत नव्हतं. तासाभरानं मी गेले तेव्हा बाबाही निवडत होते, आणि येताना पिशवीत दोन किलो.

मग लॉख सुनार्टमध्ये एक रात्र. सातव्या दिवशी सकाळी अंदाज आला: पश्चिमेचा तीन नंबर, लाट मध्यम. तिथी षष्ठी, म्हणजे भांगेकडे चाललेली. निघालो. अर्डनामर्खनचं दीपगृह उजवीकडे आलं आणि बोटीची चालच बदलली. लांब, गोल, दोन मीटरच्या लाटा, डोंगर श्वास घेतोय तशा. नवरा आल्याची वडी तोंडात धरून क्षितिजाकडे बघत होता. मी सुकाणू बाबांना दिलं. चाकाचं सुकाणू त्यांनी कधी धरलं नव्हतं. पहिली पाच मिनिटं बोट वेडीवाकडी गेली. मग त्यांनी होकायंत्राकडे बघणं सोडलं आणि गालावर वारा घेऊन चालवायला लागले. अडीच तास दिलं नाही परत.

एग बेटाला पोचलो. ते बेट तिथल्या रहिवाशांनी १९९७ मध्ये विकत घेतलं, आणि वीज वारा, पाणी, ऊन यांतून स्वतः तयार करतात. संध्याकाळी चालत वायव्येच्या किनाऱ्यावर गेलो. तिथली वाळू कोरडी असली की पायाखाली किंचाळते. समोर रम बेटाचे डोंगर आणि त्यांच्या उजवीकडे, मागे, क्युलिन. ढग नव्हता. रात्री दहाला उजेड होता. बाबा वाळूत बसून राहिले. @भूगर्भ, त्यांना मलवरून विचारलं होतं. लगेच म्हणाले, "माळशेज."

सकाळचा अंदाज: दुसऱ्या दिवशी दुपारनंतर दक्षिणेचा सहा, पुढे वाढणार. स्काय समोर दिसत होतं. गेलो असतो तर पोचलो असतो, परतायला मात्र तीन दिवस वाऱ्याच्या तोंडावर. मैत्रीण म्हणाली जाऊ. मी सकाळी सहाला चहाचा कप घेऊन अर्धा तास नकाशाकडे बघितलं आणि मागे फिरायचं ठरवलं. हळहळ वाटली, अजून वाटते. बाबांना सांगितलं तर ते आधीच साखळी ओढायला नाळेवर जाऊन उभे होते.

हेदरची डहाळी एगवरूनच घेतली होती. टोबरमोरीत शिरताना एका म्हाताऱ्या जोडप्यानं त्यांच्या बोटीवरून टाळ्या वाजवल्या.

---

आज्जीचीगोधडी | ६ जुलै, रात्री ९.००

आणि नारळ?

---

वेळणेश्वर | ६ जुलै, रात्री ९.२५

अर्डनामर्खनला मी नारळ बाहेर काढला तर बाबांनी हातातून काढून घेतला. "दर्याला नारळ श्रावणात. पौर्णिमेला. आत्ता ज्येष्ठात कशाला?" परतीच्या वाटेवर पिसांच्या गळावर सात बांगडे लागले. आपल्याहून लांबट, पाठीवर हिरवे-काळे पट्टे. नारळ नांगराच्या साखळीवर फोडला, किसणी नव्हती म्हणून सुरीनं कातला, आणि त्याचं तिरफळ घातलेलं कालवण झालं. तिरफळं बाबांनी डोंबिवलीहून रुमालात बांधून आणली होती.

---

तांडेल_अलिबागकर | ७ जुलै, सकाळी ६.१०

बाबांना आमचा दंडवत सांगा. षष्ठीला पाऊणपट आणि वर सात तास, भरती साडेअकरा. जुळलं का?

---

वेळणेश्वर | ७ जुलै, सकाळी ७.४५

कोष्टकात अकरा त्रेपन्न होतं. बाबांनी ते वहीत लिहून ठेवलंय.

---

खडपावरचा | ७ जुलै, सकाळी ८.३०

मागे फिरलात ते वाचून बरं वाटलं. पुढच्या मे महिन्यात मी कॅनाला चाललोय आणि बोटीवर दोन जागा रिकाम्या आहेत. कॅनाच्या बंदरात येणाऱ्या बोटींनी खडकांवर आपली नावं रंगवून ठेवलीत. बाबांना विचारा.

---

वेळणेश्वर | ७ जुलै, रात्री ९.०५

विचारलं. पुढच्या वर्षीचं पंचांग कधी मिळतं, असं विचारतायत.